फुलाला हळद

उन्हाळ्यात प्लास्टर वेड्यासारखं घट्ट व्हायचं आणि धुरपदाचा जीव मेटाकुटीला यायचा. पीओपी पाण्यात कालवून फुलाच्या रबरी साच्यात ओतायचं, पण पाकळ्यांच्या टोकांपर्यंत ते पोचायच्या आत बादलीतच त्याचा दगड! मांडवगण फराट्याच्या त्या पत्र्याच्या पडवीतून असे किती दगड तिनं उकिरड्यावर टाकले असतील. नवरा भैरू पुण्यात पीओपीवाल्यांच्या हाताखाली राबून साचा घेऊन आला होता. छताला फुलं बसवायचं काम त्याचं, ओतायचं हिचं. मेंढरं विकून धरलेला धंदा, त्यामुळे भावकी टपूनच बसली होती.

दोन हजार तीन-चारचं साल असेल. पहिलं काम आलं ते थेट शंकररावांच्या नव्या बंगल्याचं. साखर कारखान्याचा संचालक माणूस. लेकीचं, प्रगतीचं लग्न तोंडावर आलेलं, आणि हॉलमध्ये पंख्याच्या हुकाभोवती मोठं फूल हवं होतं. शंकरराव पुण्याहून कारागीर आणणार होते, पण त्यांची बायको सुलक्षणा आडवी आली. "गावात करणारी बाई असताना पुणं कशाला?" म्हणाली. त्या एका वाक्यावर धुरपदाचा धंदा उभा होता. हे फूल टिकलं तर गाव तिचं, खाली उतरलं तर परत मेंढरांमागं.

मग तिनं डोकं चालवलं. ऊसपट्ट्यातल्या कुणालाही विचारा, गुऱ्हाळावर सिमेंटात काकवी सांडली की सिमेंट लवकर धरत नाही. सिमेंट थांबतं, तर प्लास्टर का नाही थांबणार? तिनं पाण्यात डावभर काकवी घातली. प्लास्टर गुणी पोरीसारखं थांबलं आणि पाकळीन् पाकळी भरली. साच्यातून फूल निघालं तेव्हा भैरूसुद्धा बघत राहिला. पांढरा रंग मारून त्यानं ते छताला चढवलं.

हळदीच्या आदल्या दिवशी सकाळीच बंगल्यावरून निरोप आला. फुलाला मुंग्या लागल्यात, असशील तशी ये.

हॉलच्या खिडकीतून तांबड्या मुंग्यांची रांग भिंतीवर, भिंतीवरून छतावर आणि तिथून सरळ फुलात गेली होती. चहा पिता पिता दोन-चार शंकररावांच्या मानेवर पडल्या, तेव्हा ते जे कडाडले ते अजून शांत झाले नव्हते. संध्याकाळच्या आत ते फूल खाली आलं पाहिजे, असं बजावून ते बाहेर पडले.

"रंगातल्या डिंकाला लागल्या म्हणून सांग," असं भैरूनं तिला पढवलं होतं. पण सुलक्षणाबाईंनी जवळ घेऊन विचारलं, "धुरपदा, ह्यात काय घातलंस गं?" आणि तिच्या तोंडून खरं तेच बाहेर पडलं.

"काकवी, वैनी."

सुलक्षणाबाई तोंडाला पदर लावून अशा हसल्या की बाहेर मांडव घालणारी माणसं डोकावली. "अगं, छतालाच गोडाचं जेवू घातलंस व्हय!"

धुरपदाच्या डोळ्यांना धार लागली. "काढते वैनी खाली. माजंच चुकलं. परत तोंड न्हाई दाखवायची."

"गप बस. शिडी धर."

लग्नघरात हळदीला काय तोटा! बाईंनी परातभर हळद कालवली आणि रंगाचा ब्रश घेऊन स्वतः शिडीवर चढल्या. मुंग्यांना हळदीचं वावडं. संध्याकाळपर्यंत रांग मोडली. शंकरराव आले, मुंगी काही दिसेना, पण पांढऱ्या छतावर पिवळंधमक फूल बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "उद्या व्याह्यांना काय सांगायचं?"

"ते माझं मी बघते," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भांडगावहून विहीणबाई साखरबाई उष्टी हळद घेऊन आल्या. आल्या आल्या त्यांची नजर वर गेली. "हे असं पिवळं का वो?"

सगळ्या बायका वर बघू लागल्या. स्वयंपाकघराच्या दारात ताट घेऊन उभी असलेली धुरपदा एक पाऊल मागं सरली. काकवीचा शब्द निघाला असता तर गाव जन्मभर हसलं असतं.

"आमच्याकडं रीतच हाय," सुलक्षणाबाई पापणीही न लववता म्हणाल्या. "पहिली हळद घराला. घर खूश तर लेक खूश. आन् फूल केलंय आमच्या धुरपदानं. ती बघा, तिथं उभी हाय."

साखरबाईंनी धुरपदाला नीट न्याहाळलं. "असलं एक आमच्या घरी बी बसव गं बाई. सुनेला माहेरासारखं वाटंल."

त्या रात्री पंगती उठल्यावर धुरपदानं बाईंचे पाय धरले. "वैनी, तुमी माजी पत राखली. ह्ये उपकार फिटायचं न्हाईत."

"फेडायला कोण सांगतंय? पुढच्या बारीला काकवी घालू नको म्हंजी झालं."

पुढं ती लिंबाचा रस वापरू लागली. भांडगावचं फूल झालं, मग आसपासच्या गावांची झाली. आणि गंमत म्हणजे रीतही फुलाच्या मागोमाग गेली. लग्नघरात पहिली हळद छताच्या फुलाला! पीओपी गावात येऊन धड दहा वर्षं झाली नव्हती, पण ही पूर्वजांपासूनची चाल आहे असं म्हातारे छातीठोक सांगू लागले. खरं काय ते दोघींच्या घरांनाच ठाऊक होतं. धुरपदा कुठल्याही लग्नात ती हळद लागताना मनातल्या मनात हात जोडायची.

तिच्या लेकीचं, म्हाळसाचं लग्न ठरलं तेव्हा घरावर अजून पत्राच होता. फूल धरणार कशाला? भैरूनं ते वाशाला तारेनं टांगलं. हळदीची वाटी घ्यायला भावकीतली थोरली चुलती पुढं झाली, पण धुरपदानं तिला हातानं थांबवलं आणि बायकांत मागं बसलेल्या सुलक्षणाबाईंपुढं वाटी धरली.

"ही रीत तुमचीच हाय, वैनी. माज्या घराला पयली हळद तुमी लावा."

सुलक्षणाबाईंना त्या दिवशी एकही थट्टा सुचली नाही. वाटी हातात घेऊन त्या कितीतरी वेळ डोळे पुसत राहिल्या.