जवाबी कार्ड

“ती बाहेर गेलीय,” म्हातारा म्हणाला आणि दार लोटू लागला.

चित्रगुप्तबाईंनी उंबऱ्यात पाय घातला. “आजोबा, मी इस्पितळातून आलेय, कार्डवाली. आजींसाठी गाडी आणलीय. दहा वर्षं टिकलेला आमचा हा एकच पेशंट. मोठ्या डॉक्टरांना त्यांचा सत्कार करायचाय.”

म्हाताऱ्याचा नाइलाज झाला. तो बाजूला सरला.

चित्रगुप्तबाई हे नाव इस्पितळातल्यांनीच ठेवलेलं. कॅन्सरचे उपचार घेऊन घरी गेलेल्यांना दर वर्षी जवाबी पोस्टकार्ड पाठवायचं, हे बाईंचं काम. अर्ध्या कार्डावर त्या ‘रुग्णाची प्रकृती कशी आहे?’ एवढंच लिहायच्या. कोरं अर्धं उत्तर घेऊन परत यायचं. ‘वारले’ आलं की वहीतल्या नावावर लाल रेघ, मग त्या घरी पुन्हा कार्ड नाही. बावीस वर्षांत बाईंनी रेघाच जास्त ओढल्या होत्या. “काय बाई, आज किती गेले?” असं कुणी थट्टेनं विचारलं की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण या घरचं उत्तर आठवड्याच्या आत हजर. ‘बरी आहे. काल भाजी निवडली.’ ‘बरी आहे. माझ्यावर चिडते.’ तेवढ्या एका कार्डावर बाईंचं वर्ष निघायचं.

खोलीत एकच खाट होती आणि खुंटीवर एकच टॉवेल. बाईंनी दोन्हींकडे पुन्हा एकदा पाहिलं.

“कधी?”

“पहिल्याच वर्षी. तुमचं पहिलं कार्ड आलं ना, त्याच्या आदल्या महिन्यात.”

“आणि नऊ वर्षं मला खोटं लिहीत होतात? मी वेडी, ते वाचून खूश व्हायची!” बाईंना संताप आला होता, आणि आपलंच माणूस आत्ता गेल्यासारखं रडूही येत होतं.

“पोरांनी, शेजाऱ्यांनी महिनाभर तिचं नाव काढलं. मग सगळे गप्प. ती कशी आहे, असं विचारणारं तुमचं एक कार्ड तेवढं यायचं.” म्हातारा खाली बघत बोलत होता. “गेली म्हणून लिहिलं असतं, तर तुम्ही तरी परत विचारलं असतंत?”

लाल रेघेचा नियम बाईंच्याच हातचा होता.

त्यांनी पिशवीतून यंदाचं कार्ड काढून त्याच्यापुढे ठेवलं. “आता खरं लिहून द्या. संध्याकाळी मला डॉक्टरांना तोंड दाखवायचंय.”

म्हाताऱ्यानं चष्मा शोधला. पेन झटकलं.

“म्हणजे पुढच्या वर्षी कार्ड नाही?”

“नाही.”

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

“मग बसा जरा,” म्हातारा म्हणाला. “सावकाश लिहितो.”

आणि तिचं सगळं मावावं म्हणून त्यानं अगदी वरच्या कोपऱ्यापासून, बारीक अक्षरात सुरुवात केली.