लाल नेलपॉलिशचा बोल्ट

मी शर्यतीची मोटारसायकल बोलतेय. दचकू नका, इंजिन बंद आहे. चालू असतं तर माझंच काय, तुम्हाला तुमचं स्वतःचं बोलणंही ऐकू आलं नसतं.

माझा जन्म कारखान्यातला नाही. ओहायोमध्ये मक्याच्या शेताला लागून एल्डन हॉफस्टेटरची शेड आहे, तिथे मी तुकड्यातुकड्यांनी जन्मले. माझं इंजिन एका जपानी गाडीचं. तिची आणि एका हरणाची रस्त्यात गाठ पडली, त्यात दोघंही गेली, इंजिन तेवढं वाचलं. पेट्रोलची टाकी म्हणजे शाळेने भंगारात काढलेलं आग विझवायचं नळकांडं. सीट गवत कापायच्या यंत्राची. सांगाडा मात्र एल्डनने नव्या नळ्या आणून स्वतः वाकवला आणि स्वतः वेल्डिंग करून जोडला. मागचं चाक धरणारा चिमटा तर त्याने इतका लांब केला, की मी तयार झाल्यावर शेडचं दार लागेना.

त्याची बायको व्हर्ना कॉफीचा मग घेऊन आली आणि बघतच राहिली. "मापं घेतली होतीस ना रे?"

"गाडीची घेतली होती," एल्डन म्हणाला. "शेडची नाही."

तो अख्खा हिवाळा माझं मागचं चाक बाहेर बर्फात होतं. माझी सर्दी तेव्हापासूनची आहे. अजून थंडीत चालू व्हायला मी नखरे करते.

एल्डन अडतीस वर्षं पंपाच्या कारखान्यात लेथवर होता. त्याची एक सवय तुम्हाला सांगायलाच हवी. बोल्ट घट्ट केला की त्याच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत तो लाल नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढायचा. बोल्ट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसते. बाटली अर्थात व्हर्नाची. "माझ्या नखांना वर्षाला एक बाटली लागते, आणि तुझ्या बोल्टांना चार," असं ती म्हणायची. पण त्याने घट्ट केलेला बोल्ट आजवर कधीच सुटला नव्हता, आणि ही गोष्ट तो हवापाण्याच्या गप्पांतसुद्धा घुसवायचा.

आमची शर्यत म्हणजे पाव मैल सरळ रस्ता. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, खांबावरचे दिवे वरून खाली पेटत येतात, हिरवा लागला की सुटायचं. दहा सेकंदांत सगळा खेळ खलास. तेवढ्यासाठी माणसं वर्षानुवर्षं झिजतात. माणसांचं मला हेच आवडतं.

एल्डन तरुणपणी स्वतः गाडी चालवायचा. दहा सेकंदांच्या आत पाव मैल कापायचा, एवढंच त्याला हवं होतं. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली आमच्याच गावाबाहेरच्या मैदानावर त्याची वेळ लागली दहा पॉइंट शून्य एक. पुढे त्याने दोन गाड्या बांधल्या, पण दहाच्या आत काही जाता आलं नाही. मित्रांनी त्याचं नावच ठेवलं 'शून्य-एक'. तोही हसायचा. मग कमरेत दोन स्क्रू बसले, वजन सव्वाशे किलोवर गेलं, आणि डॉक्टरांनी चालवणं बंद केलं. तेव्हा त्याने मला बांधायला घेतलं, आणि सीटवर बसली व्हर्ना.

व्हर्ना म्हणजे छप्पन्न वर्षांची, चणीने लहान, एकतीस वर्षं शाळेची बस चालवणारी बाई. पन्नास पोरं मागे किंचाळत असताना जिची नजर रस्त्यावरून हलली नाही, ती माझ्या आवाजाला काय भिणार?

आमची पहिली चाचणी मात्र सांगण्यासारखी नाही. क्लच अडकला आणि मी सुरुवातीच्या रेषेवरच म्हशीसारखी बसले. दुसऱ्या वेळी चेन तुटली. तिसऱ्या वेळी मी शेवटपर्यंत गेले, पण चौदा सेकंदांत. परत आल्यावर व्हर्ना हेल्मेट काढत म्हणाली, "एल्डन, माझी बस याहून बरी पळते. आणि तिच्यात गाणीही लागतात."

एल्डन चिडला नाही. रोज सकाळी तो माझ्याशेजारी स्टूल टाकून बसायचा. क्लचच्या तबकड्या घासून बघ, टायरमधली हवा कमी करून बघ, चेनचं मागचं दातेरी चाक एका दात्याने बदल. शनिवारी चाचणी, सोमवारी पुन्हा पाना हातात. बारा झाले, अकरा झाले. चार वर्षांनी मी दहा पॉइंट शून्य सहावर येऊन अडकले. मला स्वतःचा इतका राग यायचा!

आता आमच्या मैदानावरचा एक नियम ऐका, नाहीतर पुढचं कळणार नाही. गाड्या लहानमोठ्या असतात, म्हणून प्रत्येकाने आपली वेळ आधीच सांगायची आणि पांढऱ्या बूटपॉलिशने गाडीच्या पुढच्या काचेवर लिहायची. जास्त वेळ लिहिणाऱ्याला तेवढं आधी सोडतात. पण लिहिल्यापेक्षा जोरात पळालात, तर बाद. म्हणजे तुम्ही मागे पडलात म्हणून नव्हे, स्वतःला कमी लेखलंत म्हणून हरता.

या खेळात व्हर्ना पटाईत होती. पण चारही वर्षं बक ट्रिम्बलने तिला शेवटच्या फेरीच्या आधी पाडलं. बककडे घराएवढा ट्रेलर आणि तोंडात अखंड बडबड. मनाचा वाईट नाही, पण कप जिंकला की तो मैदानभर मिरवायचा. "काय व्हर्ना," तो विचारायचा, "आज पोरांना वाटेत उतरवून आलीस काय?" व्हर्ना हसून सोडून द्यायची. घरी मात्र तिने काचेच्या कपाटातलं सासूचं सुपाचं भांडं माळ्यावर हलवून कपासाठी जागा करून ठेवली होती. एल्डनने ती रिकामी जागा पाहिली होती.

मग बातमी आली, की मैदान विकलं गेलं. तिथे गोदामं होणार. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारची शर्यत शेवटची. दुसरं मैदान पाच तासांवर, आणि एल्डनच्या कमरेला एका तासापुढे ट्रक सोसत नाही. जे काय व्हायचं ते याच रविवारी.

त्या आठवड्यात एल्डनने माझ्या कार्ब्युरेटरमध्ये काहीतरी बदललं आणि मला एकदम मोकळा श्वास आला. त्यालाही ते कळलं. कानांनीच कळलं. तो बराच वेळ माझ्या टाकीवर हात ठेवून उभा राहिला. आता मी दहाच्या आत जाईन, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. पण किती आत, ते चाचणी घेतल्याशिवाय कसं सांगणार? आणि शर्यतीच्या सकाळी रस्त्यावर दव होतं, म्हणून चाचणीच्या फेऱ्या रद्द झाल्या.

काचेवर कुठला आकडा लिहायचा? अंदाज चुकला तर व्हर्ना बाद, कप गेला.

व्हर्ना हेल्मेट आणायला गेली तेव्हा एल्डन माझ्या डाव्या बाजूला वाकला. अ‍ॅक्सिलरेटरच्या दांडीखाली त्याने एक छोटा बोल्ट बसवला, म्हणजे मूठ कितीही पिळली तरी मी पूर्ण उघडू नये. पक्का घट्ट केला. आणि सवयीने, बिचाऱ्याने त्यावर लाल रेघ ओढली. मग माझ्या पुढच्या छोट्या काचेवर लिहिलं, १०.०५. चोवीस वर्षांचं स्वप्न त्याने दहा नंबरच्या पान्याने आवळून टाकलं. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

त्याचा हिशेब मात्र अचूक. मी प्रत्येक फेरीत दहा पॉइंट शून्य सात, दहा पॉइंट शून्य सहा अशी शहाण्यासारखी पळाले आणि व्हर्ना जिंकत गेली. शेवटच्या फेरीत समोर बक.

आम्ही रांगेत उभे होतो. एल्डन दोघांसाठी सँडविच आणायला गेला होता. व्हर्नाने माझी मूठ हळूच पिळली. सोडली. परत पिळली. मग खाली वाकून बघितलं, आणि तिला तो बोल्ट दिसला. नवा कोरा, वर तिच्याच बाटलीतली लाल रेघ.

तिने त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग पुटपुटली, "हा म्हातारा मला कप द्यायला निघालाय."

तिने पेटीतून पाना काढला. बोल्ट हलेना. एका हाताने नाही, दोन हातांनी ओढला तेव्हा निघाला. तो तिने हातमोज्यात टाकला आणि माझ्या टाकीवर थाप मारली. "काय गं, जमेल ना?"

काचेवरचा आकडा तिने बदलला नाही. एल्डनला ते दिसलं असतं ना!

दिवे उतरत आले. हिरवा लागला आणि व्हर्नाने मूठ पार शेवटपर्यंत पिळली. त्या दहा सेकंदांचं वर्णन मला येत नाही. एवढंच सांगते, की चार वर्षांत पहिल्यांदा मला कशानेच अडवलं नव्हतं. बक मागून येत होता, पण त्याच्या आधी आम्ही रेषा ओलांडली.

फलकावर आकडा लागला, नऊ पॉइंट नऊ आठ. आणि आमच्या बाजूला लाल दिवा. बाद! कप बकचा. हेल्मेटच्या आत व्हर्ना इतकी खिदळत होती, की मला वाटलं आता पडते.

परतीच्या वाटेवरच्या टपरीतून तिने वेळेची चिठ्ठी घेतली. लाल दिवा बघून एल्डन लंगडत समोरून आला. त्याने ना तिच्याकडे पाहिलं, ना फलकाकडे. सरळ माझ्या डाव्या बाजूला वाकला आणि रिकाम्या भोकाकडे बघून त्याचा चेहरा पडला.

"सुटला," तो म्हणाला. "माझा बोल्ट सुटला, व्हर्ना. माझ्यामुळे हरलीस तू. मी इथे एक..."

तिने हातमोजा झटकला. बोल्ट त्याच्या तळव्यावर पडला.

"सुटला कसला! दोन्ही हातांनी ओढला तेव्हा निघाला. मनगट दुखतंय अजून."

"तुला कळलं होतं?"

"एकतीस वर्षं बस चालवतेय. मागच्या सीटवर कोण च्युइंगम चघळतंय तेही मला कळतं. चिठ्ठी वाच."

त्याने वाचली. चष्मा पुसून परत वाचली. आकडा तोच. "पण चालवलीस तू," तो अडखळत म्हणाला. "हा आकडा माझा कसा?"

"मी फक्त मूठ पिळली. खालचं सगळं तुझं आहे, येड्या."

एल्डन रडला. सव्वाशे किलोचा माणूस माझ्या सीटवर डोकं टेकून रडला, आणि मला त्याचं जराही ओझं वाटलं नाही.

तेवढ्यात बक कप घेऊन मिरवत आला. "काय रे शून्य-एक..." आणि चिठ्ठी बघून थबकला. कप खाली ठेवला, टोपी काढली. "आता तुला काय म्हणायचं रे?"

"एल्डन म्हण," एल्डन नाक पुसत म्हणाला. "आईने तेच ठेवलंय."

मैदानावर आता करडी गोदामं आहेत. मी हॉफस्टेटरांच्या घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीपाशी असते. या वेळी एल्डनने खोलीची मापं आधी घेतली. सुपाचं भांडं अजून माळ्यावरच आहे. कपाटातल्या त्याच्या जागी व्हर्नाने विणलेल्या रुमालावर तो बोल्ट ठेवला आहे, लाल रेघेसकट. शेजारी चिठ्ठी.

पाहुणे येतात, माझ्या काचेवरचा १०.०५ वाचतात, चिठ्ठी वाचतात आणि विचारतात, "म्हणजे आकडा चुकलाच की हो?"

"चुकला ना," एल्डन सांगतो. "चांगला सात शतांशांनी." आपली चूक इतक्या ऐटीत सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

कधी या बाजूला आलात तर जरूर या. टाकीवर हात फिरवा, सीटवर बसा, मी काही म्हणणार नाही. फक्त काच धुळकट दिसली म्हणून फडका मारू नका. तो पांढरा आकडा तसाच राहू द्या. एवढ्या प्रेमाने हरता येतं, याचा माझ्याकडे तेवढाच पुरावा आहे.