रफूकाकांची हरकत

रफूकाकांना 'नाही' म्हणता येत नसे असं नाही. फक्त ते 'हरकत'च्या पाठोपाठच यायचं. कोट उद्याच हवाय? हरकत नाही. सोफ्याला इस्त्रीने भोक पाडलंय, तेवढं बघता? हरकत नाही. सगळी गल्ली त्यांचा फायदा घ्यायची आणि वर त्यांना देवमाणूस म्हणायची.

अशा माणसाच्या खिडकीला खेटून क्रीडा क्लबने तीन मजली हॉल बांधायचा घाट घातला. फाटलेलं कापड दोऱ्यादोऱ्याने विणायचं काम काकांचं, आणि दोऱ्याचा रंग जुळवायचा तो दिवसाच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली काळा आणि गडद निळा जुळे भाऊ दिसतात. खिडकी अंधारली की काम संपलं, आणि दुसरं काही काकांना येत नव्हतं.

गल्लीने पालिकेकडे विरोधाचा अर्ज केला. पण नियम असा, की कुंपणाला चिकटून एवढं उंच बांधायचं तर लगतच्या घरमालकाची संमती हवी. लगतचं घर एकच, काकांचं. गल्लीतल्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी आठवडाभर त्यांची उजळणी घेतली.

"काय म्हणायचं?"

"हरकत आहे."

"मोठ्यानं!"

काकू आतून ऐकायच्या आणि कपाळाला हात लावायच्या.

सुनावणीला अधिकारी मॅडम म्हणाल्या, "आधी क्लबच्या सेक्रेटरींचं ऐकू या. चालेल ना, काका?"

"हरकत नाही," काका म्हणाले.

लेखनिकाने ते लिहून टाकलं. सेक्रेटरी खेळाडू, पदकं, आरोग्य यांवर भरभरून बोलले. मग लेखनिकाने टिपण वाचलं, "लगतचे घरमालक : हरकत नाही."

"झालं तर मग!" सेक्रेटरींची कळी खुलली. मुख्याध्यापिकाबाईंचा चेहरा उतरला.

"काका, बरोबर लिहिलंय ना?" मॅडमनी विचारलं.

सवयीने ओठ हललेसुद्धा. मग काका उठून थेट लेखनिकाच्या टेबलाशी गेले.

"चुकलंय. ते यांचं आधी ऐकायला म्हणालो होतो. हॉलला माझी हरकत आहे. भिंत आली तर मला दोरा दिसणार नाही, आणि दोरा दिसला नाही तर मी दिवसभर करू काय? लिहा. मी इथेच उभा आहे."

"अहो काका, पण आमचे खेळाडू..."

"तुमच्या खेळाडूंचे ब्लेझर मीच रफू करतो, साहेब. पुढेही करीन. भिंत नको."

मॅडमनी ती ओळ खोडायला लावली आणि हॉल पलीकडे, पार्किंगच्या बाजूला न्यायचा निर्णय दिला. मुख्याध्यापिकाबाईंनी चक्क टाळ्या वाजवल्या.

बाहेर येताना काकांना हसू आवरत नव्हतं. कोपऱ्यावर काकू थांबल्या.

"अहो, एक विचारू? माझी आई शेवटची नऊ वर्षं आपल्याकडे राहिली. तिला आणू का विचारलं, तेव्हाही तुम्ही 'हरकत नाही'च म्हणाला होतात."

काका वळले. "ते खरं होतं," ते म्हणाले.

हे विचारायचं काकूंना इतकी वर्षं धाडस झालं नव्हतं. त्यांनी पदराने डोळे टिपले, मोकळा श्वास घेतला आणि म्हणाल्या, "चला, मला भूक लागलीय."