कपाचा कान

प्लॅस्टिकच्या पिशवीचे कोपरे उलटे करून तिने उरलीसुरली लाल माती नखाने खरवडली. जमली ती सुपारीएवढी. कप समोर फळीवर तयार होता, पण त्याला कान करायला एवढी माती पुरणार नव्हती.

पिशवी तिने जिवापाड जपली होती. जुन्या विद्यापीठातला मातीकामाचा विभाग बंद झाला, तेव्हा चौघी मैत्रिणींनी शेवटचा गोळा तारेने कापून वाटून घेतला आणि चौघी चार विद्यापीठांत पांगल्या. जिथे जाऊ तिथे या मातीचा एकेक कप करायचा, असं ठरलं होतं. तिघींच्या कपांचे फोटो येऊन गेले. हिचं मात्र आज करू, उद्या करू. माती संपली की तिकडचं सगळंच संपलं, ही धास्ती मनात घर करून बसलेली.

इथल्या कार्यशाळेत भिंतीवर खिळ्यांची रांग होती. ज्याने त्याने स्वतः केलेला कप आपल्या खिळ्याला कानाने लटकवायचा आणि चहा त्यातूनच प्यायचा, ही इथली रीत. ज्याचा कप नाही त्याला पाहुण्यांचा, निळ्या काठाचा. सगळं सत्र ती त्यातूनच पीत आली होती. कोणी वाईट वागत नव्हतं. उलट चहा आधी तिलाच मिळायचा, पाहुणी ना! तेच तिला खुपायचं.

“अगं, पिंपातली घे की,” मागून आज्जी म्हणाली. आज्जी त्यांच्याच वर्गातली. सगळ्यांवर डाफरते आणि कोण जेवलं नाही याची चौकशीही तीच करते, म्हणून आज्जी. पिंपात सगळ्यांची फसलेली, न भाजलेली भांडी भिजत पडलेली असत. तीच माती मळून पुन्हा वापरायची.

“ती पांढरी आहे.”

“मग कान पांढरा दिसेल. कोणाचं काय बिघडतंय?”

तिने कोपरापर्यंत हात पिंपात घातला. पांढऱ्या मातीचा कान वळला, खाचा पाडून कपाला चिकटवला. दोन प्रकारची माती सारखी आटत नाही, हे पहिल्याच वर्षी शिकवतात. तीही शिकली होती. पण त्या दिवशी तिला तो कप भिंतीवर हवा होता, आणि हव्यासापुढे शिकलेलं कुठलं आठवायला!

भट्टी उघडली त्या सकाळी लांब्याने कप आणून तिच्यापुढे ठेवला. भट्टी लावायचं काम या उंच पोराकडे असे. मग दुसऱ्या हातमोज्यातला कान त्याने हळूच कपाशेजारी ठेवला.

“सुटला गं,” तो मान खाली घालून म्हणाला, जणू त्यानेच तोडला होता.

“असू दे.”

“पांढरी जास्त आटते. मी आज्जीला कितीदा...”

“असू दे म्हटलं ना.”

ती हात धुवायला गेली आणि नळ सोडून तशीच उभी राहिली. रडू आलं ते पाण्याच्या आवाजात खपून गेलं. तिकडची माती संपली, आणि इथे कप लटकणार नाही. तिघींना फोटो तरी कसला पाठवायचा? तेलही गेलं नि तूपही गेलं.

चहाच्या वेळी ती परतली. सवयीने हात निळ्या काठाच्या कपाकडे गेला.

“तो पाहुण्यांचा आहे,” आज्जी डाफरली. “ठेव खाली.”

तिने दचकून वर पाहिलं. रांगेच्या टोकाच्या खिळ्याला पांढरा कान लटकत होता. नुसता कान. त्याखाली खिडकीच्या कट्ट्यावर तिचा लाल कप, चहाने भरलेला.

“कप लटकत नाही तर कान लटकवला,” लांब्या म्हणाला. “नाहीतर खिळा कोणीतरी बळकावेल.”

“आणि तुला आज सगळ्यांच्या शेवटी ओतलाय,” आज्जी म्हणाली. “गाळ आला असेल. तक्रार चालणार नाही.”

तिने कप उचलला आणि चटका बसला. मग बाही ओढून तिने तो दोन्ही हातांत धरला. गाळ होताच.

थोड्या वेळाने तिने फोन काढला. एक फोटो कपाचा घेतला, एक भिंतीचा. तिघींना कोणता पाठवावा ते ठरेना, म्हणून दोन्ही पाठवले. मग गाळासकट चहा संपवला.