वाळूच्या बादलीचं प्रात्यक्षिक

लाल रंगाची, गोल बुडाची मी वाळूची बादली बोलतेय. आग विझवायला मला घडवलं. बूड मुद्दाम गोल ठेवलं, म्हणजे मी जमिनीवर टेकत नाही आणि धुणं भिजवायला कोणी मला घरी नेत नाही. घडवणाऱ्याला माणसं चांगलीच ठाऊक असणार.

उरणजवळच्या एका अध्यापक महाविद्यालयात, प्रयोगशाळेच्या दाराशी मी टांगलेली असे. भावी गुरुजी येता-जाता माझ्यात गुटख्याच्या पुड्या टाकत. हेच उद्या पोरांना स्वच्छता शिकवणार!

परवा इथे घातक रसायनांपासून सुरक्षित कसं राहावं, याचं प्रशिक्षण झालं. टेबलावर ॲसिडच्या, स्पिरिटच्या बाटल्या मांडल्या आणि त्यांना खेटून समई. दीपप्रज्वलन झाल्याशिवाय आपल्याकडे ज्ञानाला तोंड फुटत नाही. खाडीवरचा वारा सुटला होता. काड्या ओढून ओढून शिपाई काळूराम कंटाळला.

"सर, वात धरत न्हाय. वारा लय हाय."

"अरे, मग जरा स्पिरिट ओत की वातीवर!" प्राचार्य बाळाजी सर म्हणाले. पाहुणे खोळंबले होते.

रचना नावाची विद्यार्थिनी पुढे झाली. "सर, आधी बाटल्या तरी हलवूया ना."

"तुझे अंतर्गत गुण माझ्याच हातात आहेत ना गं?" सर हसले. मग सगळेच हसले. रचना मागे सरली. मला तिचा रागच आला.

काळूरामनं स्पिरिट ओतलं, काडी पडली आणि भडका उडाला. टेबलावरच्या कापडानं पेट घेतला, आग बाटल्यांकडे सरकू लागली. सुरक्षितता शिकायला आलेली मंडळी चपला टाकून पळाली, पाहुणे सगळ्यांच्या पुढे. रचना तेवढी माझ्याकडे धावली. तिनं मला हुकावरून ओढलं आणि पुड्यांसकट सगळी वाळू आगीवर ओतली. आग विझली, पण तिची बोटं भाजली. फार वाईट वाटलं मला.

धूर विरल्यावर सर माइकपाशी आले. "घाबरू नका, हे आपलं प्रात्यक्षिक होतं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. नळाखाली हात धरून आलेली रचना दारातच थांबली.

"प्रात्यक्षिक नव्हतं, सर. चूक होती. उद्या शिक्षिका झाले की मी माझ्या वर्गातल्या पोरांना हेच सांगणार."

तिचे गुण कापले गेले. मला मात्र हार घालून प्राचार्यांच्या खोलीत टांगलंय. येईल त्याला कौतुकानं दाखवतात. वाळू भरायचं कुणाला सुचलेलं नाही.

सोमवारी पुन्हा प्रशिक्षण आहे. बाबांनो, हार काढा आणि मला भरा. तेवढंही होत नसेल, तर ती पोरगी बोलेल तेव्हा ऐका. या खेपेला माझ्या पोटात ओतायला काहीच नाही.