जान्हवीची रोजची गोळी

लग्नाआधी दोघांनी रक्त तपासून घ्यायचं, ही जान्हवीचीच कल्पना. ऋषिकेशच्या रक्तात एचआयव्ही निघाला. "तू मोकळी आहेस," तो म्हणाला. ती त्याच्यासोबत डॉक्टरांकडे गेली आणि मनातलं सगळं विचारलं.

"यांचे उपचार सुरू झालेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "विषाणू रक्तात दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, की संबंधातून तो तुम्हाला लागत नाही. तोवर तुम्ही रोज एक प्रेपची, म्हणजे लागण टाळणारी, गोळी घ्या. आधी तुमचं रक्त तपासू, पुढेही तपासत राहू. गोळी चुकवायची नाही. निरोधही वापरा, इतर आजार ही गोळी अडवत नाही."

जान्हवीनं लग्न केलं. हिंजवडीजवळच्या माण गावात रत्नाबाईंची वरची खोली भाड्यानं घेतली.

एका सकाळी रत्नाबाई लोणचं घेऊन वर आल्या आणि जान्हवीला गोळी घेताना पाहून दारातच थांबल्या.

"रोज कसली गोळी खातीस गं? पोर नगं का तुला?"

जान्हवीनं ऋषिकेशकडे पाहिलं. सांगायचं की नाही, हे त्यानं ठरवायचं होतं. तो हिंजवडीला ऑफिसात निघाला होता. त्यानं बॅग खाली ठेवली.

"मावशी, मला एचआयव्ही आहे."

रत्नाबाई आत येऊन खुर्चीत बसल्या. "जगशील न्हवं रं?"

"जगेन की. औषध चालू आहे. ही गोळी तिला लागण होऊ नये म्हणून."

"पोरांना लस टोचत्यात, तसं?"

"तसंच," जान्हवी म्हणाली, "पण ही रोज घ्यावी लागते. आणि मूलही होईल मावशी, निरोगी. डॉक्टर सांगतील तेव्हा."

रत्नाबाई लोणचं ठेवून उतरून गेल्या. पुढचे काही दिवस त्या वर फिरकल्या नाहीत. आता दुसरी खोली शोधावी लागणार, असं जान्हवी धरूनच चालली होती.

मग एका सकाळी अंगणातून हाक आली, "जान्हवे! खाल्लीस का न्हाई?"

"खाल्ली, मावशी!" जान्हवीला हसू आवरेना.

"काय खाल्लं?" शेजारीण विचारत होती.

"न्याहारी," रत्नाबाई म्हणाल्या. "लई बारीक झालीया पोर."

पुढच्या तपासणीत ऋषिकेशच्या रक्तात विषाणू सापडला नाही. जान्हवीचा रिपोर्टही निगेटिव्ह होता. "गोळी मात्र मी सांगेपर्यंत चालू ठेवा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

त्या रविवारी दोघं गाडीवर मुठा गावाकडे गेले. नदीत पाय सोडून बसले.

"मुलगी झाली तर नाव काय ठेवायचं?" ऋषिकेशनं विचारलं.

"आधी भेळ आण," जान्हवी म्हणाली. "भूक लागलीय मला."