आठवा दरवाजा

गावातल्या आधुनिक कलासंग्रहालयाची सुरुवात काकूंच्या दरवाजांपासून झाली, हे संग्रहालयाच्या माहितीपत्रकात शोधून सापडणार नाही. पत्रकं छापणाऱ्यांना दरवाजे कुणी जपले याच्याशी काय देणंघेणं!

काकूंच्या घरात भाड्याच्या सात खोल्या. नदीकाठचा उजेड चांगला म्हणून दर उन्हाळ्यात चित्रकार येऊन राहत, आणि कॅनव्हास संपला की दाराच्या आतल्या बाजूवर हात चालवत. काकू आधी भडकल्या, मग सरावल्या. ते चित्रकार पुढे मोठे झाले. बंद पडलेल्या साबण कारखान्यात संग्रहालय काढायचं ठरलं, तेव्हा संचालक पहिल्यांदा धावले ते काकूंकडेच. काकूंनी दरवाजे फुकट देऊ केले. अट एकच. न्यायचे तर आठही.

आठवा स्वयंपाकघराचा. काकूंचा नवरा घरं रंगवायचा. कुणाच्याही भिंतीचा रंग कालवला की पहिला फटकारा या दारावर ओढायचा, वाळून कसा दिसतो ते जेवताना बघायचा आणि मगच कामाला लागायचा. सव्वीस वर्षं. तो गेला, आणि काकू आता एकट्या त्या दारासमोर जेवतात.

संचालकांनी दार पाहिलं आणि नाक मुरडलं.

"काकू, बाकीचे कलावंत होते हो. हे म्हणजे नुसतं ब्रश पुसल्यासारखं..."

"ब्रश फडक्याला पुसायचे आमचे हे. अडाणी नव्हते."

"पण समितीला काय सांगू मी?"

"सांगा, म्हातारी हट्टाला पेटलीय."

दरवाजे उचलायला आलेले दोन हमाल बाकीचे सात उतरवून तिथंच थांबले होते. त्यांतला थोरला दाराजवळ वाकला.

"काकू, हा पोपटी... आमच्या ओसरीचा का?"

"तुमच्याच ओसरीचा. तुझ्या आईला आधी गडद वाटला होता. तीनदा कालवला, हे बघ, खाली तिन्ही आहेत."

हमाल बघतच राहिला. ती ओसरी पाडून तिथे गोदाम झालं होतं. मग काकू बोटानं दाखवत गेल्या. हा टपाल कचेरीचा निळा, हा प्रसूतिगृहाचा फिका गुलाबी, ही शाळेची पिवळी भिंत, पोरांनी दोन दिवसांत घाण केलेली. निम्म्या भिंती आता उरल्याच नव्हत्या. बोलता बोलता काकूंचा आवाज चिरकला आणि त्या स्वतःवरच चिडल्या.

हमालानं कुणाला न विचारता बिजागरीचे स्क्रू काढायला घेतले.

"अरे थांब, नोंद व्हायला हवी," संचालक म्हणाले. "कलावंत म्हणून काय लिहू, काकू?"

"रंगारी लिहा. त्यांना लाज नव्हती त्याची. तुम्हाला वाटत असेल तर दार राहू द्या इथंच, बाकीचे सातही परत लावा."

संचालकांनी खिशातून पेन काढलं आणि 'रंगारी' लिहायला घेतलं. काकू शेजारी उभ्या राहिल्या आणि ते शेवटचं अक्षर लिहीपर्यंत हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आता उचला. आणि जपून, कोपरा आपटू नका."